पडशी की पेटी?

मोटारसायकलवरून सामान नेण्याची साधने दोन वर्गांत मोडतात: कापडी पिशव्या आणि कडक पेट्या. सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी सॅडल बॅग, मागच्या सीटवर बांधायची टेल बॅग आणि पेट्रोलच्या टाकीवरची टँक बॅग ही पिशव्यांची मुख्य रूपे. प्लास्टिकचे किंवा अॅल्युमिनियमचे साइड बॉक्स आणि मागच्या कॅरियरवरचा टॉप बॉक्स ही पेट्यांची. साधने नवी असली तरी त्यांच्यामागचे तत्त्व जुने आहे. घोड्यावरची खुर्जी, बैलाच्या पाठीवरची कंठाळ आणि वाटसरूच्या खांद्यावरची पडशी या तिन्हींत ओझे दोन सारख्या भागांत वाटलेले असे. नाणेघाट उतरून कल्याणकडे येणारी लादलेली जनावरे याच तत्त्वावर घाट पार करत. मोटारसायकलने जनावराची जागा घेतली, पण तोलाचा नियम बदलला नाही.

भिवंडीतल्या निजामपुऱ्यात ही निवड रोजच्या कामाची आहे. शहराच्या महानगरपालिकेच्या नावातही भिवंडीला जोडून निजामपूर येते. हे गाव यंत्रमागांचे. इथे दुचाकीवरून कापडाचे नमुने, सुताचे कोन, मागांचे सुटे भाग आणि हिशेबाच्या वह्या रोज फिरतात. शहराभोवतीच्या गोदामांतून घरपोच माल नेणारे दुचाकीस्वार याच रस्त्यांवर असतात, आणि सुटीच्या दिवशी कसारा किंवा माळशेज घाटाकडे निघणारेही. सामान कशात न्यावे, याबद्दल या सगळ्यांत दोन मते आढळतात. एक मत पिशवीची बाजू घेते, दुसरे पेटीची. दोन्ही मते अनुभवातून आलेली आहेत, म्हणून दोन्ही मुद्द्यामुद्द्याने तपासावी लागतात.

वजन आणि लिटर

पेटीपक्ष : निवड जागेपासून सुरू व्हावी. दोन बाजूंना तीस-तीस लिटरच्या पेट्या आणि मागे चाळीस लिटरचा टॉप बॉक्स असला की शंभर लिटर जागा झाली. पेटीचा आकार ठरलेला असतो. त्यामुळे किती मावेल हे आधीच कळते आणि आतला माल चेपत नाही.

पिशवीपक्ष : लिटर जागा मोजतो, चाकावर येते ते वजन. १०० मीटर लांब, १२० सेंटीमीटर पन्ह्याचा आणि दर चौरस मीटरला १०० ग्रॅम भरणारा ग्रे कापडाचा तागा १२ किलोचा होतो. घडी घातली की तो थोड्याच जागेत बसतो. तेवढ्याच जागेत झोपायची स्लीपिंग बॅग ठेवली, तर ती एक-दोन किलोच भरेल. लिटर दोघांचे सारखे, भार मात्र वेगळा. म्हणून आधी सामान तराजूवर ठेवावे आणि मग पिशवी शोधावी.

या मुद्द्यावर पिशवीपक्षाची बाजू भक्कम आहे. प्रत्येक मोटारसायकलला उत्पादकाने ठरवलेली भारक्षमता असते आणि ती मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. १०० ते ११० सीसीच्या अनेक गाड्यांत ती १३० किलोंच्या आसपास असते. चालक ७० किलोचा आणि मागे बसणारा ६० किलोचा असेल, तर ही मर्यादा दोन माणसांतच संपते. सामानासाठी एक किलोही उरत नाही. त्यात रिकाम्या पेटीचे स्वतःचे वजन मिळवावे लागते. अॅल्युमिनियमची एक मध्यम पेटी चार-पाच किलोची असते, आणि जोडी व लोखंडी स्टँड मिळून दहा किलोंच्या पुढे जाते. कापडी जोडी याच्या निम्म्याहून कमी भरते.

पेटीपक्ष : वजनाचा हिशेब मान्य. पण पिशवीला ठाम सीमा नसते. ती फुगते आणि माणूस कोंबत जातो. पेटीचे झाकण बसले नाही की भरणे थांबते. ही शिस्त पिशवी लावत नाही.

पिशवीपक्ष : ती शिस्त जागेची आहे. सुट्या भागांनी भरलेल्या पेटीचे झाकण अगदी नीट बसते आणि मर्यादा तरीही ओलांडलेली असते. दोन्ही साधनांना तराजूचीच शिस्त लावावी लागते.

ओझ्याची जागा

सामान किती आहे इतकेच ते कुठे ठेवले आहे हेही महत्त्वाचे असते. ओझे खाली, गाडीच्या मध्यरेषेजवळ आणि शक्यतो मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे असावे. आसाच्या मागे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते आणि पुढचे चाक हलके करते. पुढच्या व मागच्या आसांतले अंतर सव्वाशे सेंटीमीटर आहे आणि २० किलोचे ओझे मागच्या आसाच्या ४० सेंटीमीटर मागे बांधले आहे, असे धरले तर पुढच्या चाकावरचा भार सुमारे साडेसहा किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकावर साडेसव्वीस किलो जास्त येतात. पुढच्या चाकाची पकड कमी झाली की हँडल हलके लागते, वेगात गाडी डोलू लागते आणि ओल्या रस्त्यावर वळताना पुढचे चाक घसरण्याचा धोका वाढतो.

पेटीपक्ष : टॉप बॉक्स सगळ्यांत सोयीचा असतो. हेल्मेट त्यात राहते, मागे बसणाऱ्याला पाठ टेकता येते आणि गल्लीतून जाताना गाडीची रुंदी वाढत नाही.

पिशवीपक्ष : सोय आहे, पण जागा सगळ्यांत वाईट: उंच आणि आसाच्या मागे. म्हणूनच बहुतेक उत्पादक टॉप बॉक्सला थोड्याच किलोंची मर्यादा घालतात आणि पेट्या लावल्यावर वेगही मर्यादित ठेवायला सांगतात. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, हेल्मेट आणि कागद ठेवावेत. लोखंडी भाग आणि तागे तिथे ठेवू नयेत.

पेटीपक्षाला हे मान्य करावे लागते, पण एक तोड त्याच्याकडेही आहे. टेल बॅग मागच्या सीटच्या मागे कॅरियरवर बांधली, तर तिच्यातही हाच दोष येतो. पिशवी असो वा पेटी, जड वस्तू बाजूच्या कप्प्यांत तळाशी आणि हलक्या वस्तू वर ठेवाव्यात, आणि डावी-उजवी बाजू वजनाने जवळजवळ सारखी असावी. भार वाढला की टायरमधली हवा पुस्तिकेत दिलेल्या जास्त भाराच्या आकड्याइतकी करावी. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरला कडकपणा बदलण्याचे खाचे असतील, तर ते एक-दोन पायऱ्या वर घ्यावेत.

कापडाची परीक्षा

पेटीपक्ष : कापड शेवटी कापडच. एकदा घासले, खिळ्याला अडकले की फाटले.

पिशवीपक्ष : कोणते कापड, हे विचारल्याशिवाय हे विधान करता येत नाही. आणि निजामपुऱ्याइतके हा प्रश्न समजणारे गाव विरळाच. पिशवीवर ६००, १००० किंवा १६८० डेनियर असे आकडे छापलेले असतात. माग चालवणाऱ्याला तो शब्द परका नाही. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. १००० डेनियर म्हणजे ९,००० मीटर धागा एक किलोचा. साडीच्या किंवा अस्तराच्या बारीक पॉलिस्टर सुताशेजारी हा धागा म्हणजे दोरखंडच.

डेनियर धाग्याची जाडी सांगते. कापडाची सगळी ताकद त्यातून कळत नाही. चार गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात. पहिली धाग्याची जात. नायलॉन घासणीला पॉलिस्टरपेक्षा चांगले टिकते, त्यामुळे कमी डेनियरचे चांगले नायलॉन कधी कधी जास्त डेनियरच्या पॉलिस्टरवर मात करते. उन्हात मात्र पॉलिस्टर जास्त तग धरते. दुसरी गोष्ट वीण. उभे-आडवे धागे दाट हवेत; विरळ विणीच्या जाड धाग्यापेक्षा दाट विणीचा मध्यम धागा बरा. तिसरी आतला लेप. पाणी अडवण्याचे मुख्य काम तो करतो. पॉलियुरेथेनचा पातळ लेप उष्ण आणि दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सुटू लागतो, पीव्हीसीचा लेप जड असला तरी दमदार असतो. चौथी गोष्ट शिवण. दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा असावा. सुती दोरा ओलाव्यात कुजतो. पट्टा जिथे पिशवीला जोडलेला असतो, तिथे आडवेतिडवे दाट टाके हवेत, कारण पिशवी बहुतेक वेळा तिथेच सुटते.

पट्ट्यांचाही विचार करावा लागतो. नायलॉनचा पट्टा भिजला की थोडा ताणतो आणि बांधलेले ओझे सैल पडते. पॉलिस्टरचा पट्टा भिजूनही फारसा ताणत नाही. पावसाळ्यात बांधलेली पिशवी वाटेतच का लोंबू लागते, याचे उत्तर अनेकदा पट्ट्याच्या धाग्यात सापडते.

पेटीपक्ष : पेटी निवडताना इतके बारकावे पाहावे लागत नाहीत.

पिशवीपक्ष : पेटीचेही बारकावे आहेत, ते वेगळे असतात इतकेच. प्लास्टिक कोणते, झाकणाच्या कडेचा रबर कसा, बिजागरी रिव्हेटची की स्क्रूची, स्टँडचा पाइप किती जाड आणि वेल्डिंग कसे, हे पाहावेच लागते. अॅल्युमिनियमच्या नुसत्या पेटीत हादऱ्यांनी घासून कपड्यांना काळपट डाग पडतात, म्हणून आत कापडी अस्तराची पिशवी घ्यावी लागते. पेटी घेतली तरी आत पिशवी लागतेच.

पाऊस

ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जोराचा पाऊस असतो. इथे सामानाचे साधन वर्षातला तिसरा हिस्सा पाण्यात काम करते. कापडाचा नमुना भिजला की त्याचा रंग आणि स्पर्श बदलतो, कागद लगदा होतात.

पेटीपक्ष : पावसात पेटीला तोड नाही. रबराची कड असलेले झाकण बंद केले की काम संपते. पिशवीवर पाऊस आला की थांबून रेनकव्हर चढवावे लागते. ते वाऱ्याने फुगते, उडते, आणि चाकाकडून उडणारे पाणी खालून आत शिरते.

पिशवीपक्ष : रेनकव्हरबद्दलची ही तक्रार खरी आहे. पण पाणी न शिरणारी पिशवी आता वेगळ्या पद्धतीने बनते. तिचे मूळ मालट्रकच्या ताडपत्रीत आहे. जर्मनीतल्या हार्टमुट ऑर्टलिब या सायकलस्वाराने पावसात भिजत प्रवास करताना ट्रकवरची ताडपत्री पाहिली, त्याच कापडाच्या पिशव्या शिवल्या आणि १९८२ मध्ये आपल्या नावाची कंपनी सुरू केली. ताडपत्री काय काम करते, हे भिवंडीत कोणाला समजावावे लागत नाही; मालाने भरलेले ट्रक तिच्याच भरवशावर पावसात उभे असतात.

या प्रकारच्या पिशवीत जोड शिवत नाहीत. लेप दिलेल्या कापडाच्या कडा उष्णतेने एकमेकींत वितळवून जोडतात. सुई गेली की भोक पडते आणि भोकातून पाणी जाते, म्हणून ही रीत. तोंड चेनने बंद न करता तीन-चार वेळा गुंडाळून बकल लावतात. अशी पिशवी पावसात पेटीच्या बरोबरीने टिकते. पण तिचे तोंड उघडायला वेळ लागतो आणि आत वेगवेगळे कप्पे नसतात. साध्या शिवलेल्या सॅडल बॅगेला मध्यम मार्ग आहे: आत गुंडाळायच्या तोंडाची पातळ जलरोधक थैली ठेवायची आणि बाहेरची पिशवी खुशाल भिजू द्यायची. पेटीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. एकदा पडून कड वाकली किंवा रबर कडक झाला की पाणी आत शिरते आणि आतच साठून राहते. म्हणून पावसाळ्याआधी पेटीवर पाणी ओतून तपासून घ्यावे.

गल्ली, खड्डा आणि पडझड

पेटीपक्ष : गाडी पडली तर पेटी आधी जमिनीला टेकते. इंजिन, इंडिकेटर आणि आतले सामान वाचते.

पिशवीपक्ष : आणि पाय? तोल सावरताना खाली टेकलेला पाय पुढे जाणाऱ्या गाडीच्या बाजूच्या पेटीखाली सापडू शकतो. कडक कड पोटरीवर आली तर इजा गंभीर होते. कापडी पिशवी दबते आणि पायाला जागा देते.

गल्ल्यांचा प्रश्न याला जोडूनच येतो. अनेक गाड्यांच्या हँडलची रुंदी ७५ ते ८० सेंटीमीटर असते. दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पेट्या लावल्या की मागची रुंदी त्याहून जास्त होते. हँडल गेले तिथून गाडी जाईल, हा सवयीचा अंदाज मग चुकतो. निजामपुऱ्याच्या अरुंद गल्ल्यांत टेम्पो माल उतरवत असताना हीच चूक महागात पडते. त्यामुळे शहरात फिरणाऱ्या गाडीला बाजूच्या रुंद पेट्या अडचणीच्याच ठरतात.

खड्ड्यांचा परिणाम दोन्ही साधनांवर होतो. पेटीच्या स्टँडला सततच्या हादऱ्यांनी वेल्डिंगपाशी तडे जातात आणि नटबोल्ट सैल होतात. पिशवीचे पट्टे सरकतात आणि तिचा तळ घासला जातो. पिशवीचा पट्टा वाटेत सुईदोऱ्याने शिवता येतो, वाकलेले अॅल्युमिनियम ठोकून सरळ करता येते. तडकलेले प्लास्टिक मात्र सहसा बदलावे लागते.

कुलूप

पेटीपक्ष : सगळे मुद्दे बाजूला ठेवले तरी कुलूप उरते. गाडी गल्लीत लावून कारखान्यात जायचे, तासाभराने परत यायचे. पिशवीला ब्लेड पुरते. पेटी उघडायला हत्यार, आवाज आणि वेळ लागतो.

पिशवीपक्ष : पैसे, कागद आणि मोबाइल गाडीवर ठेवायचेच नसतात. टँक बॅग काढून खांद्यावर घेता येते.

पेटीपक्ष : दिवसातून वीस ठिकाणी थांबणाऱ्याला वीस वेळा पिशव्या सोडून बरोबर नेता येत नाहीत. ज्याच्या पेटीत दुसऱ्याचा माल आहे, त्याच्यावर त्या मालाची जबाबदारी असते.

या मुद्द्यावर पेटीपक्ष जिंकतो. वारंवार थांबणे, गाडी नजरेआड ठेवणे आणि परक्याचा माल नेणे हे तिन्ही एकत्र आले की कापडी पिशवी पुरी पडत नाही.

भारतीय गाडीवर बसवताना

साधन कोणतेही घेतले तरी ते गाडीवर नीट बसले पाहिजे. बाहेरच्या देशांत बनलेल्या पिशव्यांच्या वर्णनांत न सापडणारी एक गोष्ट इथे असते: डाव्या बाजूचा साडी गार्ड. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून तो असतो. तो काढून पिशवी लावणे चुकीचे आहे. डावी पिशवी साडी गार्डच्या बाहेर टेकते, त्यामुळे ती उजवीपेक्षा बाहेर येते. पट्टे कमीजास्त करून दोन्हींचा तोल साधावा लागतो. उजव्या बाजूला बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर असतो. पिशवीचा तळ आणि सायलेन्सर यांत हाताचा पंजा सहज जाईल इतके अंतर ठेवावे, कारण नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही वितळतात. पिशवी मागच्या चाकाकडे झुकू नये म्हणून लोखंडी सळईचा साधा आधार पुरतो आणि तो स्थानिक वेल्डिंगच्या दुकानात बनवून मिळतो. पट्ट्यांची लोंबणारी टोके दुमडून आत खोचावीत. चेनमध्ये किंवा आऱ्यांत अडकलेला पट्टा मागचे चाक जाम करतो. नंबर प्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकले जात नाहीत ना, हे चार पावले मागे जाऊन पाहावे.

पेटीबद्दल कायद्यानेही मापे घातली आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मोटारसायकलवर हलकी पेटी बसवता येते. तिची लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. हे माप लिटरमध्ये सुमारे १४० होते. पेटी मागच्या सीटच्या जागी बसवली, तर गाडीवर फक्त चालक बसू शकतो. माल पोहोचवणाऱ्यांनी हा नियम लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

कोणाला काय

दोन्ही पक्षांचे म्हणणे तपासल्यावर निवडीचा क्रम स्पष्ट होतो. आधी वजन, मग त्या वजनाची जागा, मग पाणी आणि सुरक्षितता, आणि सर्वांत शेवटी लिटर व रूप.

कापडाचे नमुने किंवा सुटे भाग घेऊन फिरणाऱ्याला शिवलेली, दाट विणीची, लहान सॅडल बॅग आणि तिच्या आत जलरोधक थैली पुरते. कागदपत्रे आणि पैसे सुटून येणाऱ्या टँक बॅगेत ठेवावेत. घरपोच माल नेणाऱ्याला सीटच्या जागी कुलपाची, नियमात बसणारी पेटी योग्य. पंधरा-वीस किलोची पिशवी पाठीवर घेऊन दिवसभर गाडी चालवणे हा पर्याय मानूच नये. ते ओझे कण्यावर येते, तोल उंचावतो, आणि पडल्यावर ते माणसाबरोबर आपटते. अशा कामावर माणसे ठेवणाऱ्यांनी पेटी पुरवावी, ही अपेक्षा रास्त आहे. घाटाकडे जाणाऱ्या प्रवाशाला वितळवून जोडलेल्या कापडाची पिशव्यांची जोडी सगळ्यांत चांगली. मुक्कामी ती सोडून खोलीत नेता येते. गाडी मोठी असेल, भारक्षमता शिल्लक असेल आणि प्रवास मुख्यतः महामार्गावरचा असेल, तर पेट्यांचा विचार करायला हरकत नाही.

पिशवी विकत घेण्यापूर्वी नेहमीचे सामान एकदा तराजूवर ठेवावे आणि गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहावा. विकत घेतल्यावर भरलेल्या गाडीने पाच-दहा किलोमीटर जाऊन थांबावे आणि सगळे पट्टे व नटबोल्ट पुन्हा आवळावेत. पहिल्या काही किलोमीटरांत ओझे आपली जागा धरते आणि सैल झालेला पट्टा तेव्हाच हाताला लागतो.